तिसरं पत्र साध्या कागदावर

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. ऑफिसात सगळे त्यांना दिलगीर म्हणत. तोंडावर दिलगीरसाहेब, पाठीमागे नुसतंच दिलगीर. आमची कंपनी लिफ्ट बसवायची आणि बसवलेल्या लिफ्टची देखभाल करायची. लिफ्ट आली की ती बंद पडणं आलं, बंद पडली की तक्रार आली, आणि तक्रारीला उत्तर द्यायचं काम यांचं. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आम्ही दिलगीर आहोत.' माणसाला नाव पडायला याहून जास्त काही लागत नाही.

मी हिशेबाच्या टेबलावर बसायचे, त्यांच्या शेजारीच. खोलीला एकच खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीकडे उघडणारी. आमच्या मागे लिफ्टच्या बटणांचा एक नमुना टांगलेला होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, बाकी काही व्हायचं नाही. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता ते बटण दाबायचा आणि थोडा वेळ वाट बघायचा.

दिलगीर उंच होते आणि किंचित वाकून चालायचे, प्रत्येक दार आपल्याला बुटकंच पडणार अशा हिशेबाने. आवाज मऊ. अक्षर मोत्यासारखं, आणि कॉम्प्युटर आल्यावरही पत्राचा कच्चा मजकूर ते हातानेच लिहायचे. एकदा त्यांच्या बायकोने डबा पोचवताना मला सांगितलं, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'माझं चुकलं' हे काही यांच्या तोंडून ऐकलं नाही. सगळं ऑफिसातच संपवून येतात." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, नवऱ्याला एखादी भाजी आवडत नाही असं सांगावं तसं सांगितलं.

आमच्या मालकांचा एक नियम होता. 'चूक' हा शब्द कागदावर यायचा नाही. तोंडाने म्हणा, हात जोडा, वाटलं तर पाया पडा. पण कागदावर चूक लिहिली की तिच्या मागोमाग वकील येतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे दिलगीरांच्या पत्रात कोणी काही करत नसे, सगळं आपोआप व्हायचं. व्यत्यय येई, विलंब होई, गैरसोय उद्भवे. वाचणाऱ्याला वाटावं, हवामानाच्या बातम्या चालू आहेत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंचं प्रकरण झालं.

बाई एका जुन्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. कोर्टात स्टेनो होत्या. उभं आयुष्य लोकांची बोलणी जशीच्या तशी उतरवून घेण्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतर इमारतीच्या लोकांनी त्यांना सेक्रेटरी केलेलं. त्यांच्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे होती. त्या दिवशी तिथे आमचा जो मेकॅनिक गेला, तो दिलगीरांचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ. दिलगीरांनी मालकांकडे शब्द टाकून त्याला चिकटवलेला. हात सोन्याचे, पण लक्ष वाऱ्यावर. बंद पडलेलं यंत्र त्याच्या हातात चालू व्हायचं आणि मग पक्कड तिथेच विसरून तो घरी जायचा.

मेन स्विच खाली ओढण्याआधी लिफ्ट तळमजल्यावर आणून, दार उघडून, आत कोणी नाही हे बघायचं असतं. हा लिफ्टच्या धंद्यातला श्रीगणेशा आहे. मेहुण्याने गच्चीवरच्या खोलीत जाऊन सरळ स्विच ओढला. त्याआधी धोक्याच्या घंटीची गंजलेली बॅटरी काढून, नवी आणू म्हणून, पिशवीत टाकलेली होती. मग जिन्याने खाली आला आणि वॉचमनला सांगून गेला की मी जेवून येतो, कोणी विचारलं तर काम चालू आहे म्हण.

लिफ्टमध्ये त्या वेळी बाई होत्या, हातात भाजीची पिशवी. सोबत समोरच्या दारातले शेजारी. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावरून या दोघांचं बोलणं फार दिवसांपासून बंद होतं. लिफ्ट तळमजल्याच्या जरा वर येऊन थांबली. दिवा गेला, घंटी वाजेना, फोनला आत रेंज नव्हती. दोघांनी दार ठोठावलं. वॉचमनला वाटलं, मेकॅनिक आपली नजर चुकवून परत आला आणि ठोकाठोकी करतोय. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला तो म्हणाला सुद्धा, की पोरगा मन लावून काम करतो.

दुपार गेली. मेहुणा परत आला, वर गेला, स्विच लावला. लिफ्ट मुकाट्याने चौथ्या मजल्यावर गेली आणि दार उघडलं. बाई बाहेर आल्या, कुलूप काढलं, भाजी पाण्यात टाकली आणि कंपनीला पत्र लिहायला बसल्या. मेहुण्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो शीळ घालत खाली उतरला.

पत्र आलं तेव्हा दिलगीरांनी आधी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं, कोणत्या इमारतीत कोण गेलं होतं ते बघायला. बघून झाल्यावर चष्मा पुसला. मेहुण्याला फोन लावून विचारलं, तर तो म्हणाला की हो, जेवायला गेलो होतो खरा, आत कोणी असेल असं वाटलं नाही. दिलगीरांनी फोन ठेवला. कागद ओढून त्यांनी नेहमीचं पत्र लिहिलं: 'आपल्या इमारतीतील लिफ्टच्या सेवेत अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव क्षणिक व्यत्यय आला. त्यामुळे आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपले सहकार्य असेच मिळत राहील, ही अपेक्षा.' मालकांनी सही केली. पत्र गेलं.

उत्तर लगेच आलं. बाईंनी पत्रातला शब्द न् शब्द सोलून काढला होता. 'क्षणिक' म्हणजे किती ते कळवावं, कारण तेवढ्या वेळात शेजाऱ्यांनी आपल्या मूतखड्याची कथा पहिल्या कळेपासून ऑपरेशनपर्यंत सांगून संपवली. 'सहकार्य' आपण केलेलं नाही, आपण अडकलो होतो. 'अपरिहार्य तांत्रिक कारण' जिन्याने खाली आलं आणि वॉचमनला 'मी जेवून येतो' म्हणालं, हे आपण लिफ्टच्या फटीतून स्वतः ऐकलं. शेवटी लिहिलं होतं: 'ते वाक्य ऐकू आलं तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. लिफ्ट आपोआप चालू होईल असं शेजाऱ्यांचं मत पडलं आणि मी ते मानलं. ती माझी चूक. आता तुमची कळवावी.'

दिलगीरांनी हे पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी वाचून परत दिलं. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच घरी नेला.

मालक म्हणाले, अशा लोकांना गोड बोलून जिंकायचं असतं. म्हणून दुसरं पत्र लांबलचक झालं. त्यात बाईंच्या सूक्ष्म निरीक्षणशक्तीचं कौतुक होतं, कंपनीच्या परंपरेचा उल्लेख होता आणि एक सर्व्हिसिंग मोफत देऊ केलं होतं. दिलगिरी या वेळी तीव्र होती. या पत्राला बाईंचं उत्तर एका शब्दात आलं: 'कोण?'

तेव्हा मालकांनी दिलगीरांना सांगितलं की तुम्ही स्वतः जाऊन या, माणूस समोर आला की राग निवळतो.

ते गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. लिफ्ट चालू होती, पण ते जिन्याने चढले. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. खोलीत पुस्तकं, एक जुना टाइपरायटर आणि खिडकीत वाळत घातलेली छत्री. बाई चिडलेल्या दिसत नव्हत्या. दोन्ही पत्रं त्यांनी समोरच्या स्टुलावर शेजारी शेजारी ठेवली होती.

"भाषा छान आहे तुमची," त्या म्हणाल्या. "मी नोकरीत खूप जबाब लिहून घेतले. खोटं बोलणारा माणूससुद्धा 'मी' म्हणूनच सुरुवात करायचा. तुमच्या पत्रात कोणीच नाही. स्विच कोणी ओढला?"

"चौकशी चालू आहे," दिलगीर म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

बाईंनी मान डोलावली आणि पाणी आणखी हवं का विचारलं. दिलगीर नको म्हणून उठले. उतरताना, ते म्हणाले, जिन्यात दोन मजल्यांच्या मध्ये थोडा वेळ बसून राहावं लागलं. इतकी वर्षं पत्रांतून जे लिहिलं त्याला खोटं म्हणावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, तो कंपनीचा आवाज होता. पण हे 'नाही' त्यांच्या स्वतःच्या तोंडून, एका बाईच्या घरात बसून, तिचं पाणी पिऊन निघालं होतं.

घरी जाऊन त्यांनी बायकोजवळ विषय काढला. मेहुण्याची आई तो लहान असतानाच गेलेली. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं, आणि नोकरी लागल्यापासून ती जरा निश्चिंत झाली होती. तिने भांडी घासता घासता सगळं ऐकून घेतलं आणि पाठ न वळवता म्हणाली, "माझ्या भावाचं नाव कुठं लिहू नका." दिलगीरांनी 'बरं' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि तिसरं पत्र लिहायला बसले. इतर कुठलंही काम हातात घेतलं नाही. मी शेजारून बघत होते. एक ओळ लिहायची, बघायची, कागद चुरगाळायचा. सवयीने हात 'अपरिहार्य'कडे जायचा आणि ते मध्येच थांबायचे. दुपारपर्यंत टोपली भरली. मी विचारलं, की इतकं काय अवघड आहे. ते म्हणाले, "वाक्य 'मी'ने सुरू करायची सवय नाही हो."

संध्याकाळी पत्र तयार झालं. मेकॅनिकने लिफ्ट रिकामी आहे हे न बघता स्विच ओढला आणि तो जेवायला गेला. घंटीची बॅटरी त्यानेच काढलेली होती. तो माझा मेहुणा आहे, मी शिफारस करून त्याला कामाला लावलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत नाही असं मी म्हणालो, मला माहीत होतं. आमचं चुकलं आणि माझंही चुकलं. एवढंच.

पण ते पत्र त्यांनी तसंच पुढे पाठवलं नाही. आधी मेहुण्याला बोलावून घेतलं. ऑफिसच्या खाली चहाची टपरी होती, तिथे बाकावर बसून त्याला वाचायला दिलं. मी चहा न्यायला खाली गेले होते, म्हणून समोरच होते. मेहुण्याने पत्र सावकाश वाचलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता उठून जाणार.

"भावोजी, यात एक चूक आहे," तो म्हणाला.

"कोणती?"

"मी जेवायला गेलो नव्हतो. खाणावळ बंद होती. मग मित्राच्या दुकानात जाऊन झोपलो."

दिलगीर त्याच्याकडे बघत राहिले. "मला फोनवर जेवायला म्हणालास."

"झोपलो म्हणायला बरं वाटेना." त्याने पत्र परत केलं. "नीट करा ते. आता लिहिताच आहात तर खरं लिहा. फक्त ताईला झोपल्याचं सांगू नका."

दिलगीरांनी खिशातलं पेन काढलं, 'जेवायला गेला' खोडून वर 'झोपला' लिहिलं, आणि पुन्हा वर जाऊन सगळं पत्र स्वच्छ उतरवून काढलं.

मालकांनी ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "हे पत्र नाही, हा कबुलीजबाब आहे," ते म्हणाले. "मी यावर सही करणार नाही."

"मी केली तर चालेल?"

मालकांनी बराच विचार केला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त वकिलांची भीती होती. शेवटी म्हणाले की करायची तर करा, पण कंपनीचा कागद वापरू नका. म्हणून दिलगीरांनी ते तिसऱ्यांदा उतरवलं, साध्या पांढऱ्या कागदावर, आणि खाली आपलं खरं नाव लिहिलं. ती सही मी पहिल्यांदाच पाहिली. अक्षर जरा कच्चं होतं, सराव नसल्यासारखं.

बाईंचं उत्तर मात्र कंपनीच्या नावानेच आलं. 'पत्र मिळाले. मजकूर बरोबर आहे. देखभालीचा करार आम्ही रद्द करत आहोत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.' त्याखाली त्यांनी कारण दिलं होतं. लिफ्टच्या घंटीला अजून बॅटरी नव्हती. 'तुमची तीन पत्रे आली, एक माणूस भेटून गेला, बॅटरी आली नाही. माझे शेजारी आता भाजीला जाताना शिट्टी घेऊन जातात.'

पत्र ऑफिसात फिरलं. सगळ्यांनी वाचलं. जुनी बॅटरी मेहुण्याच्या पिशवीत होती आणि नवी आणायची हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मालकांच्या नाही, दिलगीरांच्या नाही, माझ्याही नाही. आम्ही सगळे शब्द नीट करत बसलो होतो.

मालकांनी मेहुण्याला काढून टाकलं. दिलगीरांना ठेवलं, कारण तक्रारी यायच्या थांबल्या नव्हत्या.

घरी बायकोने बोलणं सोडलं. ताट वाढायची, कपडे इस्त्री करून ठेवायची, पण बोलायची ती भांड्यांशी. भांड्यांना ती बरंच काही सांगायची आणि ते दिलगीरांना ऐकू जाईल अशा बेताने सांगायची. असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी दिलगीरांनी धीर केला. त्यांनी आदल्या दिवसापासून वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"माझ्यामुळे तुला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी…"

"हे ऑफिसात ठेवा," ती म्हणाली. भांडी सोडून बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

दिलगीर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, "तुला 'बरं' म्हणालो आणि तुला न सांगता लिहिलं. चुकलं माझं. तुला परत विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून विचारलं नाही."

"आणि मी नको म्हटल्यावर काय केलं असतंत?"

"तरी लिहिलं असतं."

"मग विचारायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "भांडलो असतो. तुम्ही लिहिलं असतंत. मला निदान आधी कळलं असतं. त्याच्याकडून कळलं मला, दारात उभं राहून, नोकरी गेल्यावर." तिने नळ बंद केला. "आणि तो झोपला होता हेही त्यानेच सांगितलं. तुम्ही तेही पोटात ठेवलंत."

दिलगीर आत आले. त्यांनी फडकं घेतलं आणि घासलेली भांडी पुसायला लागले. तिने ओलं भांडं स्वतःच्या हाताने त्यांच्याकडे सरकवलं. हे सांगताना ते मला म्हणाले की माफी अशी असते हे त्यांना माहीतच नव्हतं, ती पुढे तासभर चालते.

मेहुणा काही दिवस मित्राच्या दुकानात बसला. मग त्याला दुसऱ्या एका लिफ्ट कंपनीत काम मिळालं, आणि बाईंच्या इमारतीने नवा करार त्याच कंपनीशी केला. पहिल्याच खेपेला त्याला तिथे पाठवलं तेव्हा तो घाबरला. नव्या साहेबांना त्याने सगळं सांगितलं आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठवा म्हणाला. नव्या साहेबांनी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, त्यालाच पाठवा. त्यांचं म्हणणं असं की, नवा मेकॅनिक ही चूक पहिल्यांदा कधी करेल याची वाट बघावी लागेल, या मुलाची करून झाली आहे.

तो आता स्विच ओढण्याआधी प्रत्येक मजल्यावर थांबून, लिफ्टच्या दाराला तोंड लावून, "आत कोणी आहे का?" म्हणून ओरडतो. लिफ्ट तळमजल्यावर उघडी, रिकामी उभी असली तरी ओरडतो. इमारतीतल्या लोकांना आधी त्रास व्हायचा, आता सवय झाली आहे. बाईंचं आणि शेजाऱ्यांचं चपलांच्या कपाटावरून अजून पटलेलं नाही, फक्त आता ते एकमेकांशी बोलून भांडतात.

आमच्या ऑफिसातही थोडा बदल झाला. दिलगीर तक्रार आली की आधी फळा बघायचे, मग मेकॅनिकला फोन करायचे, आणि दुरुस्ती झाली असं कळल्याशिवाय पेन उचलायचे नाहीत. मालक म्हणायचे, पत्राला उशीर होतोय. दिलगीर म्हणायचे, होतोय. मालकांचा नियम काही त्यांनी मोडला नाही, पण 'चूक' शब्द न वापरता कोणी काय केलं हे लिहायला ते शिकले. त्याने पत्रं फार आखूड झाली. वकील एकही आला नाही. मालक अजूनही त्याची वाट बघत असतात.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी एक मुलगी आली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. दिलगीरांनी तिला शेवटचा आठवडा शिकवलं. मी ऐकत होते. आधी कोणी काय केलं ते लिहायचं. मग ते नीट झालं का ते लिहायचं. झालं नसेल तर पत्र लिहायचं सोडून मेकॅनिकच्या मागे लागायचं. माफी सगळ्यात शेवटी.

मुलीने हे सगळं मनावर घेतलं. तिची पत्रं चार ओळींच्या वर जात नाहीत. मागे एका गिऱ्हाइकाने लिहून कळवलं की तुमच्या पत्रात दिलगिरीचा एक शब्द नाही, ही काय पद्धत झाली. तिने त्याच दिवशी उत्तर लिहिलं: 'तुमच्या लिफ्टचं दार बसवून झालं होतं, त्या आनंदात मी दिलगिरी लिहायची विसरले. चूक माझी. आता लिहीत आहे.' मालकांनी ते दोनदा वाचलं, 'चूक' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले, आणि सही केली.